शाई भरपूर, मग छपाई फिकी काऊन?

मागच्या अंकात म्हटलं होतं की स्क्रीन प्रिंटिंगनं, म्हणजे जाळीच्या फ्रेममधून, टी-शर्ट छापणाऱ्यांनी आपापल्या अडचणी लिहून पाठवा. पत्रं आली आणि बहुतेकांचं दुखणं एकच निघालं, शाई नीट बसत नाही, खालचं कापड दिसतं, पॅच राहतात. नागपुरात गांधीबागेच्या मागच्या बाजूला एका खोलीत दोन टेबलांवर मी इतकी वर्षं हेच काम करते, त्यामुळे ही पत्रं वाचताना प्रत्येक वेळी वाटलं की हे आपल्या खोलीतही होऊन गेलंय. पहिल्या पत्राला जास्त जागा दिलीय कारण त्यात बाकीच्यांची अर्धी उत्तरं आहेत, तर ते सगळ्यांनी वाचा.

ताई नमस्कार. सक्करदऱ्याला आमचं छोटं युनिट आहे, मी आन् माझा भाऊ दोघंच. दसऱ्याला दीक्षाभूमीसाठी १५० काळ्या टी-शर्टची ऑर्डर आहे, समोर पांढऱ्यात अशोकचक्र आणि खाली मोठ्या अक्षरात जय भीम. व्हाइट प्लास्टिसोल इंक वापरतो, जाळी ७७ ची आहे. प्रिंट मारला का पांढरा राखाडी दिसते, मधे मधे पॅच राहते. जोर लावून तीन-चार स्ट्रोक मारले तर चक्राचे आरे एकमेकांत मिसळतात. इंक घट्ट वाटली म्हणून थोडं टर्पेंटाइन टाकलं. इंक वरून सुकवायला फ्लॅश हीटगननं करतो. काऊन असं होते? मशीन बदलावी लागन का?
– एक वाचक, सक्करदरा

भाऊ, मशीन बदलायची काही गरज नाही, आधी फक्त जोर लावणं थांबवा. काळ्या कापडावर पांढरं उठून दिसायचं तर शाई धाग्यांच्या वर बसली पाहिजे, आत गेली की गेलीच समजा, आणि दाबलं की नेमकी ती आत जाते. होजिअरीच्या कापडाला फटी असतात, त्यातून शाई खाली उतरते आणि वर काळे धागे पुन्हा डोकं काढतात, म्हणून पांढरा राखाडी दिसतो. छापलेला एक टी-शर्ट उलटा करून बघा, आतल्या बाजूनं पांढरे ठिपके दिसले तर ती सगळी शाई तुमच्या वरच्या पांढऱ्यातून कमी झालेली आहे. मी नवीन होते तेव्हा गणेश मंडळाचे ६० मरून टी-शर्ट असेच दाबून दाबून छापले होते, मनगट सुजलं आणि टी-शर्ट सगळे फिके, पुन्हा नवीन कापड घेऊन रात्रभर बसून छापून द्यावे लागले. त्या रात्री एका जुन्या कारागिरानं स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, हातातून घेतली, हलक्या हातानं एक स्ट्रोक मारला आणि तेवढ्यात पांढरा वर आला. तेव्हापासून मी नवीन पोरांना हात हलका ठेवायलाच पहिले शिकवते.

पण हलक्या हातानं पुरेशी शाई खाली यायची तर जाळी तशी पाहिजे आणि तुमची ७७ ची जाळी काळ्यावर पांढऱ्यासाठी बारीक पडते. ७७ म्हणजे सेंटीमीटरला ७७ धागे, इंचात मोजलं तर १९५ च्या आसपास. फिक्या कापडावर बारीक डिझाइन असेल तर ती चांगली, पण गडद कापडावरच्या पांढऱ्याला ४३ ते ६२ च्या मधली घ्या, इंचाच्या हिशेबानं ११० ते १५६. दुकानात जाळी घेताना नंबर सेंटीमीटरचा सांगताहेत का इंचाचा हे विचारून घ्याच, इथे खूप जणांची फसगत होते, १२० म्हटलं की एकाच्या डोक्यात इंचाला १२० म्हणजे जाड जाळी असते आणि दुसऱ्याच्या डोक्यात सेंटीमीटरला १२० म्हणजे इंचाला ३०५ ची, एकदम बारीक.

आता तुमची खरी पंचाईत अशी आहे की अक्षरं जाड आहेत आणि चक्राला २४ आरे आहेत. जाड अक्षरांना ४३ ची जाळी मस्त पण तिच्यावर बारीक आरे दातेरी येतात. मी असते तर सगळं एकाच ५५ च्या जाळीवर घेतलं असतं आणि चक्र मोठं केलं असतं, छातीभर, म्हणजे आरा निदान मिलिमीटरभर जाड राहतो आणि दोन आऱ्यांमधली फटही मिटत नाही. टेबलाला फ्रेम लावायचे दोन हात असतील तर अक्षरं एका फ्रेमवर आणि चक्र दुसऱ्या फ्रेमवर असं वेगळं करूनही जमतं, दोन्हीचा रंग पांढराच असला तरी काही बिघडत नाही, फक्त रजिस्ट्रेशन, म्हणजे दोन्ही छाप नेमक्या जागी बसणं, सांभाळा. आऱ्यांची संख्या मात्र सोयीसाठी कमी करू नका बाप्पा, लोक ते चक्र छातीवर घेऊन दीक्षाभूमीवर जाणार आहेत.

जाळी बदलल्यावर फ्रेम आणि टी-शर्टमधलं अंतर बघा. फ्रेम कापडावर चिकटून बसलेली असेल तर स्क्वीजी पुढे गेल्यावर जाळी जागची उचलत नाही, ती शाईत चिकटून राहते, आणि नंतर तुम्ही फ्रेम वर घेता तेव्हा शाई अर्धी कापडावर आणि अर्धी जाळीत, अशी ओरबाडल्यासारखी निघते. तुमचे पॅच मला याचेच वाटतात. टेबलापाशी फ्रेमच्या टोकाखाली दोन नाणी एकावर एक ठेवून चिकटवा, टी-शर्टपासून जाळी २ ते ३ मिलिमीटर वर राहिली पाहिजे, स्क्वीजी जिथे आहे तेवढ्याच रेषेत जाळी कापडाला टेकते आणि मागे लगेच सुटते. सुटते का नाही हे कसं कळणार, तर स्ट्रोक झाल्या झाल्या जाळीतून खाली बघा, डिझाइनच्या जागी जाळी मोकळी दिसून खालचा प्रिंट दिसला तर शाई पूर्ण उतरली, जाळीत पांढरं भरलेलंच दिसलं तर शाई वरच राहिली. ही तपासणी फुकट आहे आणि दर वेळी करायची.

जाळी सैल असेल तर मात्र अंतर ठेवूनही सुटणार नाही. लाकडी फ्रेम दर आठवड्याला धुऊन धुऊन वाकतात, कोपरे सुटतात, जाळी ढिली पडते आणि आपण मात्र शाईला दोष देत बसतो. बोटानं मधोमध दाबून बघा, खाटेच्या निवारीसारखी खाली गेली तर ती फ्रेम नव्यानं ताणून घ्या. अॅल्युमिनियमची एक तरी फ्रेम घेऊन ठेवा, महाग पडते पण वर्षानुवर्षं टिकते.

टर्पेंटाइनचं तर मनापासून सांगते, टाकू नका. प्लास्टिसोलमध्ये पाणीही नसतं आणि उडून जाणारा थिनरही नसतो, पीव्हीसीचे बारीक कण प्लास्टिसायझरमध्ये कालवलेले असतात, म्हणूनच तो डब्यात किंवा जाळीत वाळत नाही. त्यात टर्पेंटाइन घातलं की शाई पातळ होऊन आणखी आत जाते, पांढरेपणाचं टायटॅनियम डायऑक्साइड तेवढ्याच जागेत कमी पडतं, आणि भट्टीखाली नीट पिकतही नाही, म्हणजे पक्की होत नाही. व्हाइट घट्ट वाटतोच, तो ढवळला की सैल होतो आणि ठेवून दिला की पुन्हा घट्ट होतो. छपाईआधी डब्यात खाली तळापर्यंत पलटा घालून पाच मिनिटं जोरात ढवळा, बस्स. तरी जड वाटला तर त्याच कंपनीचा शाई सैल करायचा रिड्यूसर, तोही डब्यावर लिहिलाय तेवढाच. टर्पेंटाइन घातलेली शाई या ऑर्डरला वापरू नका, नुकसान वाटेल पण १५० टी-शर्टच्या नुकसानापुढे ते काहीच नाही.

आता स्ट्रोक. आधी फ्रेम उचललेली असताना शाई जाळीवर हलक्या हातानं ओढून घ्या म्हणजे डिझाइनची सगळी भोकं भरतात, मग फ्रेम खाली, स्क्वीजी बऱ्यापैकी उभी, ७० ते ८० अंशात, आणि एका दमात एकसारखा स्ट्रोक. मग फ्लॅश. मग पुन्हा एक स्ट्रोक. दोन पातळ थर आणि मधे फ्लॅश, हेच काळ्यावर पांढऱ्याचं रहस्य आहे, ओल्यावर ओले चार स्ट्रोक मारलेत तर शाई बाजूला पसरते, तुमचे आरे त्यामुळेच मिसळले. स्क्वीजीचं रबर ६५ ते ७० शोअर कडकपणाचं घ्या, फार कडक घेतलं तर शाई कमी उतरते, आणि त्याची धार बघा, नखानं चाचपून खाच लागली तर त्या खाचेची रेघ प्रत्येक टी-शर्टवर येणार.

हीटगननं फ्लॅश होतो पण एका जागी जास्त आणि एका जागी कमी, म्हणून वर-खाली फिरवत न्या. फ्लॅश म्हणजे शाई शिजवायची नाही, बोट लावलं तर बोटाला शाई लागू नये इतकंच, साधारण १०० ते १२० अंशाच्या मधे. जास्त तापवलीत तर दुसरा थर तिला धरत नाही आणि धुतल्यावर सोलून निघतो. शिवाय टेबल तापत जातं हे लक्षात ठेवा, दहा-बारा टी-शर्ट झाल्यावर ते इतकं गरम होतं की शाई जाळीच्या खालीच जमायला लागते आणि पुन्हा पॅच! मधे मधे टेबल निवू द्या. शेवटची पक्की भट्टी साध्या प्लास्टिसोलला १६० अंशाच्या आसपास, आणि ती उष्णता वरच्या सायीला नाही तर थराच्या तळापर्यंत पोचली पाहिजे.

हे सगळं एकाच दिवशी बदलू नका हं. एक बदल, एक रिजेक्ट टी-शर्टवर प्रिंट, टी-शर्टवरच पेननं लिहून ठेवा काय बदललं. नाहीतर प्रिंट चांगला आला तरी कशानं आला ते कळणार नाही, आणि पुढच्या दसऱ्याला पुन्हा मला पत्र लिहावं लागेल.

मी कॉलेजला आहे, हिंगणा रोडला रूमवर वॉटर बेस्ड इंकनं ऑर्डर घेतो, पांढऱ्या टी-शर्टवर रंगीत डिझाइन. पहिले आठ-दहा टी-शर्ट एकदम भारी येतात आणि मग बारीक अक्षरं गायब व्हायला लागतात, मग मोठ्या भागातही ठिपके ठिपके. मे महिन्यात तर दुसऱ्याच टी-शर्टपासून. थंडीत इतका त्रास नव्हता. शाई तीच, फ्रेम तीच.
– एक विद्यार्थी, हिंगणा रोड

शाई तीच, फ्रेम तीच, पण हवा तीच नाही ना! आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो आणि हवा इतकी कोरडी असते की ओला टॉवेल बघता बघता वाळतो, तिथे जाळीच्या भोकातला शाईचा थेंब किती टिकणार. पाण्याची शाई जाळीतच वाळते, आधी बारीक भोकं बंद होतात म्हणून बारीक अक्षरं आधी जातात, मग मोठा भाग. तू समजतोस शाई संपली, वरून आणखी ओततोस, खाली मात्र भोकं बंदच.

पहिली सवय म्हणजे फ्रेम कधी उघडी ठेवायची नाही. स्ट्रोक झाला, फ्रेम वर घेतली, लगेच शाई परत जाळीवर ओढून ठेवायची, डिझाइन शाईखाली झाकलेलं राहिलं पाहिजे, तू टी-शर्ट काढून दुसरा लावेपर्यंतही. फोन आला तर एकतर फोन घेऊ नकोस नाहीतर फ्रेम ओल्या स्पंजनं पुसून ठेव. बाजूला पाण्याची स्प्रे बाटली ठेव, शाई घट्ट होताना दिसली की लांबून एकच हलकी फवारणी, जास्त केलं तर रंग पसरतो. शाईच्या दुकानात रिटार्डर मिळतो, तो घे, जुने कारागीर युरिया किंवा ग्लिसरीन घालायचे ते याच कामासाठी, ओल धरून ठेवायला, पण प्रमाण अगदी कमी ठेव कारण जास्त झालं की प्रिंट वाळत नाही आणि पिकतही नाही.

आणि कूलर. नागपूरकराच्या खोलीत कूलर असतोच, तो या कामात खरंच उपयोगाचा आहे, खसच्या ताट्यांतून येणारी दमट हवा खोलीत असली की शाई जाळीत जास्त वेळ ओली राहते. पण तोंड टेबलाकडे नको, भिंतीकडे कर, झोत सरळ फ्रेमवर आला तर दमट असला तरी वाळवतोच. पंखा बंद. मी मे महिन्यात वॉटर बेस्डचं काम सकाळी सहाला सुरू करते आणि दहाला थांबवते, दुपारी फ्रेम धुणं, पॅकिंग, हिशेब. शाई कापडावर पक्की करणारा फिक्सर मिसळत असशील तर तासाभरात लागेल तेवढीच शाई मिसळ, फिक्सर घातलेली शाई डब्यात आपोआप घट्ट होत जाते आणि मग ती कितीही ढवळली तरी तिचा काही उपयोग नाही.

एकदा बंद पडलेली भोकं जोर लावून उघडत नाहीत, लगेच खालून ओल्या कपड्यानं पुसायची. रात्रभर तशीच ठेवली तर ती फ्रेम गेली.

काळ्या टी-शर्टवर छापताना पांढरा मस्त दिसतो, कस्टमर खूश होऊन नेतो, आणि दोन धुण्यांनंतर फोन येतो का प्रिंट फिका झाला. सोललेला नाही, तडकलेला नाही, फक्त फिका. भट्टी १६० ला देतो.
– एक वाचक, इतवारी

सोललेला नाही म्हणता म्हणजे भट्टी ठीक असावी. तो टी-शर्ट उन्हात आडवा धरून जवळून बघा, बहुतेक पांढऱ्यातून बारीक काळे केस वर आलेले दिसतील. शाई उडाली नाहीये, धुताना कापडाचे सैल तंतू शाईतून बाहेर आलेत आणि त्या केसांमुळे पांढरा राखाडी वाटतो. स्वस्त टी-शर्टला, ज्याचं सूत जाडंभरडं आणि केसाळ असतं, हे जास्त होतं. तिरुपूरहून येणारा बायोवॉश केलेला १८० जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला १८० ग्रॅमचा, माल घेतला तर फरक लगेच दिसेल, बायोवॉशमध्ये एन्झाइमनं वरचे केस काढून टाकलेले असतात. कस्टमरला दहा-वीस रुपयांचा फरक समजावून सांगा, तो ऐकतो, मी सांगते आणि बहुतेक ऐकतातच.

माल बदलता येत नसेल तर पहिला थर मारून फ्लॅश केल्यावर, थर गरम असतानाच, टेफ्लॉनचा कागद ठेवून हीट प्रेसनं अगदी थोडा वेळ दाबा, तंतू खाली झोपतात, मग दुसरा थर. आणि भट्टी १६० ला देतो म्हणजे भट्टीचा काटा १६० दाखवतो का शाई १६० ला पोचते, हे टेम्परेचर गननं शाईवर धरून एकदा बघाच. कस्टमरला देण्याआधी एक टी-शर्ट स्वतः दोन-तीनदा धुऊन बघत जा.

कबड्डीच्या टीमच्या लाल जर्सीवर पांढरे नंबर छापले. छापताना दूधासारखे पांढरे. दोन दिवसांनी गुलाबी! पोरं म्हणतात काका लाल पाण्यात धुतली का. अजून एकदा वरून पांढरा मारला तर तोही गुलाबी झाला.
– एक वाचक, काटोल रोड

काका, ही शाई कमी पडल्याची गोष्टच नाही, म्हणून वरून कितीही पांढरा मारलात तरी तो गुलाबीच होणार. जर्सी पॉलिस्टरची असते, तिचा रंग डिस्पर्स डायचा असतो, आणि तो डाय तापला की वाफ होऊन कापडातून सुटतो आणि वरच्या पांढऱ्यात शिरतो. लाल आणि मरूनमध्ये सगळ्यात जास्त. साध्या प्लास्टिसोलला १६० अंश लागतात आणि तेवढ्या उष्णतेत लाल डाय सुटणारच, लगेच दिसत नाही, हळूहळू वर येतो म्हणून दोन दिवसांनी कळलं.

पॉलिस्टरसाठी लो-ब्लीड, म्हणजे कापडाचा रंग वर येऊ न देणारा, आणि कमी तापमानाला पिकणारा व्हाइट वेगळा मिळतो, १३० च्या आसपास पिकणारे आहेत, तो मागून घ्या. फार लाल जर्सी असेल तर खाली आधी करडा ब्लॉकर बेस मारा, करडा म्हणून घाबरू नका, त्यात डाय अडवण्याचं सामान असतं आणि वर पांढरा आला की करडेपणा दिसत नाही. फ्लॅश कमीत कमी. आणि छापलेल्या गरम जर्सी एकावर एक रचू नका, त्या ढिगात उष्णता तशीच कोंडून राहते आणि डाय सुटत राहतो, दोरीवर टांगून निवू द्या आणि मगच घडी. नवीन माल आला की एक जर्सी छापून दोन-तीन दिवस ठेवून बघायची आणि मगच बाकीची लॉट घ्यायची, टीमला तारीख देताना हे दिवस आधीच धरा. झालेल्या जर्सी मात्र परत पांढऱ्या होणार नाहीत, वाईट वाटतं सांगायला. नंबर लाल कापडावर काळा किंवा गडद निळा चालणार असेल तर त्यावर तो रंग मारून द्या, टीमला विचारून बघा, मॅचला घालता तरी येतील.

पावसाळा लागला की माझ्या फ्रेम बिघडतात. जाळीला इमल्शन, म्हणजे उजेडानं पक्का होणारा लेप, लावते, काळ्या डिझाइनचा कागद (पॉझिटिव्ह) ठेवून उन्हात एक्स्पोज करते, धुतल्यावर डिझाइन उघडलेलं दिसतं पण छापताना अक्षरांच्या आत शाईच येत नाही, आणि कधी कधी उलट बाकीचीच जाळी सुटते. उन्हाळ्यात हीच पद्धत बरोबर चालते.
– एक वाचक भगिनी, महाल

ताई, उघडलेलं दिसतं आणि उघडलेलं असतं यात फरक आहे. धुतलेली फ्रेम ट्यूबलाइटसमोर धरा आणि तिरकं करून बघा, अक्षरांच्या आत चमक दिसली, साबणाच्या फेसासारखी पातळ साय, तर ती इमल्शनची आहे आणि शाई तिथेच अडते. दोन कारणांनी ती राहते. एक म्हणजे पॉझिटिव्हचं काळं पुरतं काळं नाही, ट्रेसिंग पेपरवर लेझर प्रिंटरनं काढलेलं काळं उजेडात धरलं तर तपकिरी दिसतं, त्यातून ऊन आत जातं आणि अक्षराखालचं इमल्शनही अर्धवट पक्कं होतं. दोन प्रिंट काढून एकावर एक तंतोतंत चिकटवा, फरक पडेल. दुसरं म्हणजे अंधारात ठेवलेल्या फ्रेमला चुकून लागलेला उजेड, दाराच्या फटीतून येणारासुद्धा.

आणि बाकीची जाळी सुटते ती पावसाळ्यामुळेच. जुलैत हवा ओली, इमल्शन वरून सुकल्यासारखं लागतं पण आत ओलंच असतं, ओलं इमल्शन उन्हात पक्कं होत नाही आणि पाण्याबरोबर निघून जातं. उन्हाळ्यात जे तासाभरात सुकतं त्याला पावसाळ्यात रात्रभर द्या, बंद अंधाऱ्या खोलीत पंखा लावून, फ्रेम आडवी आणि छपाईची, म्हणजे कापडाला टेकणारी, बाजू खाली, म्हणजे थर त्या बाजूला जमतो आणि शाईही जास्त उतरते. एकच पातळ हात मारून इमल्शन वाचवू नका, छपाईच्या बाजूनं दोन हात, आतल्या बाजूनं एक.

उन्हाचं तर विचारू नका, ढग आला की गणित बदललं. एका जुन्या फ्रेमवर पट्ट्या करून बघा, पुठ्ठ्यानं झाकत झाकत प्रत्येक पट्टीला थोडा थोडा वेळ वाढवत न्या, धुतल्यावर जी पट्टी स्वच्छ उघडली आणि कडाही नीट राहिल्या तो तुमचा वेळ. जमलं तर एलईडी किंवा ट्यूबची एक्स्पोजर पेटी सुताराकडून करून घ्या, मग ऊन-पावसाचा प्रश्नच राहत नाही.

एक कळकळीची गोष्ट. तुम्ही बायक्रोमेट मिसळून इमल्शन करत असाल, महालात अजूनही खूप जण करतात, तर हातमोज्याशिवाय हात लावू नका. ते क्रोमियम आहे, कातडीला जखमा करतं आणि कॅन्सरचं कारण म्हणून ओळखलं जातं, आणि उरलेलं नालीत ओतलं तर आपल्या भागातली नाली शेवटी नाग नदीलाच मिळते. डायझो किंवा तयार इमल्शन थोडं महाग पडतं, पण घरात लेकरं फिरत असतात ना.

प्रत्येक टी-शर्टवर उजवा कोपराच फिका येतो. शाई, जाळी, फ्रेम सगळं बदलून झालं.
– एक वाचक, जरीपटका

टेबल नाही बदललं. स्टीलची सरळ पट्टी घ्या, टेबलावर आडवी, उभी, तिरपी ठेवा आणि मागून टॉर्च मारा, पट्टीखालून उजेड आला ती जागा खोल आहे, तिथे स्क्वीजी पोचतच नाही. प्लाय पावसात फुगून बसतो, मधे दबतो. त्यावर जुनी चिकट गमची ढेकळं असतील तर तीही खरवडून काढा. टेबल सरळ निघालं तर स्क्वीजी डिझाइनपेक्षा दोन्हीकडून इंचभर तरी मोठी आहे का बघा, आणि तिची लाकडी मूठ डोळ्यासमोर धरून बघा, वाकलीये का. एवढं करूनही कोपरा फिकाच राहिला तर स्क्वीजी उलटी धरून, म्हणजे डावं टोक उजवीकडे करून, एक प्रिंट मारा. फिका भाग डावीकडे सरकला तर दोष रबरात, तिथेच राहिला तर फ्रेमचं बिजागर सैल आहे, त्याचा नट आवळून घ्या.